नीलम घेताय? आधी खिडकीपाशी चला!

ऑफिसच्या वॉट्सअॅप ग्रुपवर ‘एंगेज्ड!’ असा फोटो पडला की हल्ली सगळे आधी अंगठी झूम करून बघतात. नवरा-नवरी नंतर. आणि त्या अंगठीत हिऱ्याऐवजी निळाशार नीलम असेल तर विचारूच नका. ‘वॉव, कुठून करून घेतलीस?’ पासून ‘अगं, पत्रिका दाखवलीस का?’ पर्यंत प्रतिक्रियांचा नुसता पाऊस.

या निळ्या क्रेझचं बरंचसं क्रेडिट एका ब्रिटिश अंगठीला जातं. १९८१ मध्ये डायनाने साखरपुड्यासाठी निवडलेला १२ कॅरेटचा श्रीलंकेचा नीलम, भोवती १४ हिरे. २०१० मध्ये विल्यमने आईची तीच अंगठी केटला दिली आणि नीलम पुन्हा फॉर्मात आला. गंमत म्हणजे ती अंगठी खास डायनासाठी घडवलेली नव्हतीच. लंडनच्या गरार्ड या जवाहिऱ्यांच्या कॅटलॉगमधली होती! ज्या अंगठीमुळे आपल्याला ‘कस्टम मेड’ची स्वप्नं पडतात, ती स्वतः रेडिमेड.

आपलं तसं नसतं. आपण सहा महिने सेव्हिंग करतो, इन्स्टाग्रामवर दोनशे डिझाइन्स सेव्ह करतो आणि मग सराफाच्या काउंटरवर बसल्यावर कळतं, की डिझाइनचं सगळं ठरलंय, पण खड्याबद्दल आपल्याला ओ की ठो कळत नाही. आणि पैसे तर खड्यालाच लागणार असतात. सो, या वेळचा आपला क्लास नीलमचा. नियम पहिला: खडा आधी, डिझाइन नंतर. कोंदण खड्यासाठी करायचं असतं, कोंदणासाठी खडा शोधायचा नसतो.

हिऱ्याचा फंडा इथे चालत नाही

हिरा घेताना आपण ग्रेड विचारतो. कलर अमुक, क्लॅरिटी तमुक. नीलमचं जगभर मान्य असं एकच प्रगतिपुस्तक नाही. इथे राजा एकच, तो म्हणजे रंग.

थोडं सायन्स. नीलम म्हणजे कोरंडम. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. शुद्ध असेल तर तो चक्क रंगहीन असतो. त्यात किंचित लोह आणि टायटॅनियम शिरलं की निळा होतो. क्रोमियममुळे लाल झाला तर त्याचंच नाव माणिक. बाजारात पुखराज म्हणून मिळणारा पिवळा खडाही याच घरातला. लाल सोडून गुलाबी, हिरवट निळा, जांभळा असे सगळे रंग यात सापडतात. कमळाच्या फुलासारखा गुलाबी-केशरी असेल तर तो पद्परदशा, ‘पद्मराग’वरून नाव पडलेला आणि भलताच दुर्मीळ. सांगायचा मुद्दा, ‘सफायर’ म्हटलं की निळाच, असं काही नाही.

रोज घालायला नीलम चांगलाच. मोहज स्केलवर कठीणपणा ९, त्याच्या वर १० वर हिराच. कीबोर्ड, लोकलचा दांडा, बाइकची चावी हे सगळं तो निमूट सहन करतो.

खिडकीपाशी चला

सराफाच्या दुकानातले स्पॉटलाइट्स भारी असतात. त्याखाली काचेचा तुकडासुद्धा स्टार वाटेल. म्हणून खडा ट्रेमध्ये बघून झाला की सरळ सांगा, ‘काका, जरा उजेडात बघू का?’ चांगला सराफ कधीच नाही म्हणत नाही. कुणी का-कू करायला लागलं तर तेच तुमचं उत्तर.

उजेडात काय बघायचं? एक, निळा रंग निळा राहतो का. खूप गडद नीलम संध्याकाळच्या प्रकाशात किंवा ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली काळा दिसतो. शाईची दौत बोटात घालून फिरल्यासारखं वाटतं. फार फिका असेल तर पाण्यासारखा दिसतो. मधला, भरलेला, जिवंत निळा हवा. पिवळ्या बल्बखाली, पांढऱ्या एलईडीखाली आणि दिवसाच्या उजेडात, असा तीन वेळा बघा. शक्य असेल तर संध्याकाळी पुन्हा जा.

दोन, खडा छापील कागदावर ठेवून वरून बघा. मधून अक्षरं दिसली, तर कट उथळ आहे. प्रकाश आत फिरून परत येण्याऐवजी खालून निसटतो. या पारदर्शक भोकाला ‘विंडो’ म्हणतात. अशा खड्याचा रंग मध्येच विरतो आणि अंगठीत तो मेल्यासारखा दिसतो.

तीन, बाजूनेही बघा. नीलममध्ये रंग कधी कधी पट्ट्यापट्ट्यांनी असतो. बाजूने पट्टे दिसले तर घाबरू नका, वरून रंग एकसारखा दिसला म्हणजे झालं. लोक तुमची अंगठी वरूनच बघणार आहेत. पण पोट किती सुटलंय ते मात्र नीट बघा. वजन वाचवण्यासाठी खालून जाड ठेवलेले खडे बाजारात भरपूर. त्या पोटाचेही पैसे कॅरेटच्या भावानेच लागतात आणि ते कोंदणात लपतं. म्हणजे पैसे दिलेत, पण दिसत काहीच नाही.

कॅरेट ऐका, मिलिमीटर मोजा

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो. त्यामुळे एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, तर एक कॅरेटचा गोल नीलम साधारण सहाच्या आसपास. ‘हिचा एक कॅरेट एवढा मोठा आणि माझा इतकासा का?’ या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुणी फसवलेलं नसतं, फिजिक्स असतं. म्हणून डिझाइन ठरवताना खड्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा.

आणखी एक ट्रिक. एक, दोन, तीन अशा पूर्ण आकड्यांवर कॅरेटमागचा भाव उडी मारतो. ०.९५ आणि १.०० यांतला फरक तुमच्या सासूबाईंनाही दिसणार नाही, पण बिलात दिसू शकतो. घरातली मोठी माणसं रत्तीत बोलतात. बाजारात एक रत्ती सुमारे ०.९१ कॅरेट धरण्याची पद्धत आहे, पण दुकानागणिक माप बदलू शकतं. बिलावर वजन कॅरेटमध्येच लिहून घ्या.

तापवलाय का हो?

हा या लेखातला सगळ्यात महागडा प्रश्न आहे. विसरू नका.

सत्तरच्या दशकापर्यंत श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधाळ, धुरकट खडे कुणी फारसं विचारत नसे. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात उचलले, भट्टीत प्रचंड तापमानाला तापवले आणि त्यातून निळेशार नीलम बाहेर आले. उष्णतेने आतल्या रुटाइलच्या बारीक सुया विरघळतात आणि त्यातलं टायटॅनियम रंगाच्या कामी येतं. आज बाजारातले बहुतेक नीलम तापवलेलेच असतात. यात लबाडी काहीही नाही. हा रंग कायमचा असतो, उडत नाही, धुऊन जात नाही. लबाडी तेव्हा होते, जेव्हा तापवलेला खडा ‘नॅचरल, नो हीट’ म्हणून विकला जातो. कारण न तापवताही तितकाच सुंदर असलेला खडा दुर्मीळ, आणि त्याचा भाव कितीतरी जास्त.

पण सगळेच उपचार साधेसुधे नसतात. काही खड्यांमध्ये बेरिलियमसारखी मूलद्रव्यं उष्णतेने आत घुसवून रंग आणला जातो. काहींच्या भेगांमध्ये कोबाल्टने निळी केलेली काच भरतात. या काचवाल्यांपासून चार हात लांब राहा. दुरुस्तीच्या वेळी सोनाराची ज्योत लागली किंवा साफ करताना अॅसिड लागलं, की काच खराब होते आणि आतल्या भेगा उघड्या पडतात. शिसं असलेली काच तर लिंबाच्या रसानेही बिघडू शकते. म्हणजे कांदेपोह्यांवर लिंबू पिळताना अंगठी काढून ठेवायची!

लॅबमध्ये बनवलेला नीलमही असतो, तोही गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून. रासायनिकदृष्ट्या तो अस्सल कोरंडमच. बजेट कमी असेल आणि तो लॅबचा म्हणून, लॅबच्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्या. जमिनीतला म्हणून मिळत असेल तर उठा आणि निघा.

हे सगळं नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही. मला नाही, तुम्हाला नाही आणि बऱ्याचदा सराफालाही नाही. त्यासाठी लॅबचा रिपोर्ट लागतो. जीआयए, आयजीआय, किंवा मोठ्या खड्यांसाठी ग्युबेलिन, एसएसईएफ अशा नावाजलेल्या लॅबचा. दुकानाच्या लेटरहेडवरचं ‘१०० टक्के ओरिजनल’ म्हणजे रिपोर्ट नव्हे. रिपोर्टवर तीन गोष्टी वाचा: नैसर्गिक की लॅबमधला, कोणते उपचार, आणि वजन-माप. मग ते माप हातातल्या खड्याशी जुळतंय ना, तेही बघा.

काश्मीर, काश्मीर!

नीलमच्या बाजारात सगळ्यात जादूई शब्द कोणता असेल तर तो काश्मीर. १८८१ च्या सुमारास आजच्या किश्तवाड जिल्ह्यातल्या पाडर भागात दरड कोसळली आणि उंच डोंगरात मखमली निळ्या रंगाचा खजिना उघडा पडला. महाराजांनी तिथे पहारा बसवला. पण जेमतेम पाच-सहा वर्षांत त्या पहिल्या साठ्यातला उत्तम माल संपत आला. पुढे अधूनमधून खोदकाम झालं, तरी तो सुरुवातीचा बहर काही परत आला नाही. म्हणून खरा काश्मिरी नीलम आज बहुतेक जुन्या दागिन्यांमधून आणि मोठ्या लिलावांमधूनच समोर येतो. तुमच्या-माझ्या बजेटमध्ये, कागदाशिवाय, डबीतून काढलेला ‘काश्मीर’ तो नसण्याचीच शक्यता जास्त.

आपल्यापर्यंत पोहोचणारा चांगला माल मुख्यतः श्रीलंकेचा, जिथे रत्नपुरा नावाचं गावच आहे, किंवा मादागास्करचा, जिथे १९९८ मध्ये इलाकाका भागात साठे सापडले. दोन्हीकडचे खडे इतके सारखे असू शकतात की लॅबही मूळ ठिकाणाबद्दल ‘आमच्या मते’ असंच लिहिते. देशाच्या नावाचे जास्त पैसे द्यायचे की नाही, हे मग तुम्ही ठरवा.

ट्रेमधले तीन खडे

हे सगळं थिअरीत सोपं वाटतं. माझी एक मैत्रीण आणि तिचा होणारा नवरा यांची खरेदी मात्र मी जवळून पाहिली. (फ्रीलान्स असण्याचा तोटा: मंगळवारी दुपारी तुम्हाला कुणीही कुठेही घेऊन जातं.) दोघं बँकेत. जॉइंट अकाउंट उघडून तीन महिने झालेले आणि त्यातून होणारा हा पहिला मोठा खर्च.

झवेरी बाजारात पहिल्याच दुकानात डबीतून एक खडा निघाला. ‘मॅडम, ओरिजनल काश्मीर. एका खानदानी घरातला.’ रिपोर्ट? ‘मागवू ना नंतर.’ आम्ही चहा संपवला आणि उठलो.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी शांतपणे दोन खडे ठेवले. एक ‘नो हीट’, श्रीलंकेचा, रिपोर्टसकट. दुसरा तापवलेला, तोही रिपोर्टसकट, आकाराने मोठा आणि बराच स्वस्त. तो म्हणाला, नो हीटच घेऊ, आयुष्यात एकदाच घ्यायचंय. तिला मात्र दुसरा आवडला होता, पण स्वस्त म्हणून आवडला असं वाटेल म्हणून ती बोलत नव्हती. हे मला पंधरा मिनिटांनी कळलं. काकांना बहुधा पहिल्या मिनिटालाच कळलं असावं.

ते म्हणाले, ‘ताई, कागद मिटून ठेवा आणि दोन्ही घेऊन दारापाशी जा.’

दारापाशी दुपारचा उजेड होता. नो हीटवाला तिथे करडा, झोपाळू दिसायला लागला. तापवलेला मात्र तसाच निळा. तिने तो दोन बोटांच्या मध्ये धरला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून त्यानेच विषय संपवला. ‘अगं, मग आधी सांगायचं ना!’ दोघांची ही पहिली पैशांवरची चर्चा होती आणि ती भांडण न होता पार पडली. माझ्या मते अंगठीपेक्षा ही कमाई मोठी.

ज्यांना दुर्मीळपणाची किंमत कळते आणि परवडते, त्यांनी नो हीट जरूर घ्यावा. पण नुसता शब्द दुर्मीळ आणि रंग फिका, असं असेल तर रोज बोटात काय दिसणार? शब्द नाही दिसत.

आजी आणि शनी

आपल्याकडे नीलम म्हटलं की शनिमहाराज आलेच. ‘सगळ्यांना लागत नाही गं तो’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. मैत्रिणीच्या घरी आजी म्हणाल्या. तीन रात्री उशीखाली ठेवून बघ, स्वप्नं काय पडतात ते सांग, वगैरे.

तुमचा विश्वास असेल तर असू दे, नसेल तर नसू दे. लॅबच्या रिपोर्टमध्ये साडेसातीचा रकाना नसतो. पण एक लक्षात ठेवा, ही अंगठी दोन घरांच्या मध्ये घातली जाणार आहे. साखरपुड्याच्या दिवशी हॉलमध्ये कुजबुज होण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं. खड्याला पैसे देण्यापूर्वी बोला, नंतर नाही. निळ्यावर कुणाचा फारच आक्षेप असेल आणि तुमचंही मन निळ्यावरच अडलेलं नसेल, तर गुलाबी किंवा हिरवट निळा सफायर हा झकास मधला मार्ग आहे.

मैत्रिणीचं मन मात्र निळ्यावरच होतं. तिने आजींशी वाद घातला नाही. काकांना सांगून खडा एका दिवसासाठी घरी आणला आणि आजींच्या तळहातावर ठेवला. आजींनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, ‘रंग छानच आहे गं. शनिवारी तेवढी काढून ठेवत जा.’ झालं. डील डन.

आता सोनाराकडे

खडा ठरला की डिझाइनची मजा सुरू. काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

सोनं १८ कॅरेटचं बघा. २२ कॅरेट मऊ असतं. खडा धरणारी नखं त्यात वाकण्याची भीती जास्त. हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी मागा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो आवश्यक आहे आणि बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो.

दिवसभर टायपिंग, ओढणी, लोकल असं आयुष्य असेल तर खडा फार उंच बसवू नका. चार नखांपेक्षा सहा नखं भक्कम. त्याहून सुरक्षित म्हणजे चहूबाजूंनी सोन्याची कडा असलेलं बंद कोंदण. ते थोडं जुन्या वळणाचं वाटतं, पण हल्ली तेच ट्रेंडमध्ये आहे.

कॉम्प्युटरवरचं डिझाइन बघून ‘ओके’ म्हणू नका. आधी मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा नमुना बोटात घालून बघा. स्क्रीनवर सगळ्याच अंगठ्या नाजूक दिसतात. बोटाचं माप संध्याकाळी द्या, सकाळी बोटं बारीक असतात.

खडा घडवायला देण्याआधी त्याचा फोटो, वजन आणि रिपोर्ट नंबर सराफाच्या पावतीवर लिहून घ्या. अंगठी हातात आली की तोच खडा बसवलाय ना, हे रिपोर्टशी ताडून बघा. यात अविश्वास नाही. चांगला सराफ उलट खूश होतो.

बिलात खडा, सोनं आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली हवी. खड्यासमोर ‘तापवलेला’ किंवा ‘न तापवलेला’ हा शब्दही हवा. तोंडी सांगितलेलं दुकानाबाहेर पडताच हवेत विरतं. आणि नीलमला इन्व्हेस्टमेंट समजू नका. विकायला गेलात की मग कळतं, घेण्याचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा.

देखभाल सोपी. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. फक्त हिऱ्याच्या दागिन्यांसोबत एका डबीत टाकू नका, हिरा नीलमला ओरखडे पाडतो. (दोघांच्या घरी अशी एखादी जोडी असतेच.)

शेवटचं. रिपोर्ट आणि बिल अंगठीच्या डबीत ठेवू नका, डबी हरवते. लग्नाच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्येही स्कॅन करून ठेवा. पंचवीस-तीस वर्षांनी ती अंगठी तुम्ही कुणाच्या तरी बोटात घालाल. तेव्हा ती व्यक्तीही अंगठी खिडकीपाशी नेऊन बघेल आणि विचारेल, ‘खरा आहे का गं हा?’

उत्तर फाइलमध्ये तयार असू दे. आणि रंग खिडकीतल्या उजेडात.